तबल्याचें दुकान आणि तालमीची खोली

श्रावण सरत येतो, गणेशचतुर्थी पंधरा दिवसांवर येऊन ठेपते, आणि चर्मवाद्यांच्या दुकानावर एकाएकीं गर्दी उसळते. वर्षभर भिंतीला टांगून ठेवलेली ढोलकी खालीं उतरविली जाते, तिच्यावर थाप पडते, आणि घरांतल्या मंडळींच्या लक्षांत येतें कीं, तिचा आवाज बसला आहे. दमट हवेनें कातडें सैल पडलेलें असतें, शाईच्या कडेला टवका उडालेला असतो, दोऱ्या ढिलावलेल्या असतात. हें सर्व आरतीच्या आधीं दुरुस्त होऊन मिळावें, अशी प्रत्येक गिऱ्हाइकाची अपेक्षा. आणि कारागिराची अडचण अशी कीं, शाई वाळण्यास जी कोरडी हवा लागते ती याच दिवसांत दुर्मिळ. मागणी पावसाळ्याच्या शेवटीं यावयाची आणि माल मात्र उन्हाळ्यांत तयार करून ठेवावयाचा, या एका विसंगतीभोंवतीं या धंद्याचें सारें वर्ष फिरत असतें. वैशाखांत ज्यानें पुड्या बांधून ठेवल्या नाहींत, त्याला भाद्रपदांत गिऱ्हाईक परत पाठवावें लागतें.

हा धंदा जेथें चांगला चालावा अशी एक वस्ती म्हणजे नवी मुंबईंतील तुर्भे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, ठाणें-बेलापूर रस्त्याच्या आधारानें वाढलेलें हें गांव मूळचें आगरी-कोळ्यांचें. १९७० सालीं नवें शहर वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना झाली, आणि पुढच्या दोनतीन दशकांत भातशेतीच्या व मिठागरांच्या या पट्ट्याचें रूप पालटलें. एका अंगास औद्योगिक वसाहत उभी राहिली. दुसऱ्या अंगास मुंबई शहरांतून हलविलेला धान्य, मसाले, फळें, भाजीपाला व कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार आला. २००४ सालीं ठाण्याकडून तुर्भ्याकडे आगगाडी धांवूं लागली. बाहेरून पाहणारास तुर्भे म्हणजे मालमोटारी, गोणी आणि कारखान्यांचे पत्रे. येथें संगीताला जागा कोठली, असें सहज वाटावें. परंतु बाजाराबरोबर माणसें आलीं, आणि माणसांबरोबर त्यांचे ताल आले.

बाजारांत पाठीवर माल वाहणारे माथाडी कामगार बहुतांशीं सातारा, सांगली, पुणें या बाजूचे. ज्या कायद्यानें त्यांच्या मजुरीस संरक्षण मिळालें तो १९६९ चा. या मंडळींनीं गांवाकडून आणलेली सर्वांत मोठी ठेव म्हणजे भजन. आणि भजन म्हटलें कीं पखवाज आला, टाळ आले. मूळच्या आगरी-कोळी घरांत लग्नाच्या आदल्या रात्रींच्या हळदीला बेंजो आणि ढोलकी नसेल तर हळद झालीच नाहीं असें मानतात. त्याशिवाय नव्या वसाहतींतून राहणारा नोकरदार वर्ग आहे, ज्याला मुलानें तबला शिकून परीक्षा द्यावी असें वाटतें. आणि ती परीक्षा घेणारी संस्था फार दूर नाहीं: १९३१ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचें कार्यालय शेजारच्या वाशींतच आहे. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढें अलंकारपर्यंतच्या पायऱ्या चढणारीं मुलें या मंडळाच्या परीक्षांना देशभर बसतात. तेव्हां पखवाज, ढोलकी आणि तबला या तीन वाद्यांचीं तीन निरनिराळीं जगें येथें हाकेच्या अंतरावर नांदतात; आणि तिन्ही जगांतील माणसांना पुडी फाटली कीं एकाच प्रकारच्या दुकानाची वाट धरावी लागते.

असें दुकान चालवावयाचें म्हणजे वस्तुतः तीन धंदे एका छपराखालीं चालवावयाचे. पहिला विक्रीचा, दुसरा दुरुस्तीचा, तिसरा शिकवणीचा. तिघांचे स्वभाव वेगळे. विक्री एकदां होते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षें परत येत नाहीं. कारण शिसवी तबल्याचें चांगलें खोड एका पिढीला सहज पुरतें, आणि पितळी डग्गा तर वारशांत जातो. दुरुस्ती लहान रकमांची, पण ती संपत नाहीं. शिकवणीची फी दरमहा येते, म्हणून जागेचें भाडें बहुधा तिच्यांतूनच निघतें. परंतु तिघांपैकीं दुकानाचें नांव कशानें होतें असें विचारलें, तर उत्तर एकच: दुरुस्तीनें. ज्या दुकानांत बांधलेली पुडी सुरांत राहते त्याची कीर्ति वादक स्वतःच्या तोंडानें पसरवितो, आणि ज्याच्या पुडीची शाई दोन महिन्यांत सुटते त्याच्या दुकानावर कितीहि रंगीत पाटी लावली तरी ती फुकट.

ही पुडी म्हणजे काय चीज आहे, हें नीट समजून घेण्याजोगें आहे. कारण तिच्या रचनेंतच या वाद्याचा सारा मोठेपणा साठविलेला आहे. तबल्याच्या तोंडावर बकऱ्याचें कमावलेलें पातळ कातडें ताणलेलें असतें. त्याच्या कडेवर दुसऱ्या कातड्याची एक गोल पट्टी बसवितात, ती चाट. कडेभोंवतीं कातड्याच्या पट्ट्यांचा जो जाड विणलेला पेड असतो तो गजरा. गजऱ्यांत सोळा घरें असतात; त्यांतून वादी, म्हणजे चामड्याची लांब पट्टी, खालीं तळाच्या कड्यापर्यंत ओवून पुडी खोडावर घट्ट आवळतात. वादीच्या खालीं लाकडाचे आठ गट्टे सरकविलेले असतात. गट्टा खालीं ठोकला कीं ताण वाढतो आणि सूर चढतो. वर सरकविला कीं उतरतो. बारीकसारीक फरकासाठीं गट्ट्याला हात लावीत नाहींत. गजऱ्यावरच हातोडीनें वरून किंवा खालून हलका आघात करतात. कातड्याच्या मधोमध काळें वर्तुळ असतें, तें शाईचें. चाट आणि शाई यांच्यामध्यें जें उघडें कातडें राहतें तें मैदान, किंवा वादकांच्या बोलींत लव.

शाई हा शब्द ऐकून कोणास वाटेल कीं ती नुसती रंगाची बाब असावी. तसें नाहीं. लोखंडाचा बारीक कीस, कोळशाची किंवा काजळीची पूड आणि पिठाची खळ यांचा लगदा करून तो बोटानें कातड्यावर पसरतात आणि गुळगुळीत दगडानें घोटतात. पहिला थर रुंद. त्यावर दुसरा किंचित् अरुंद. त्यावर तिसरा आणखी अरुंद. असे अनेक थर चढत जातात. प्रत्येक थर अर्धवट ओला असतांनाच घोटावा लागतो, कारण घोटण्यानें त्यांत केसासारख्या असंख्य बारीक भेगा पडतात आणि शाई कडक न होतां कातड्याबरोबर लवूं शकते. थर फार ओला असतांना घोटला तर लगदा सरकतो. फार वाळल्यावर घोटला तर टवका उडतो. ती घटका कोणती, हें घड्याळ सांगत नाहीं. दगडाखालीं होणाऱ्या आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या स्पर्शावरून कारागीर तें ओळखतो. पावसाळ्यांत हीच घटका लांबते, चुकते, आणि म्हणूनच भाद्रपदांत घाईनें लावलेली शाई दसऱ्यापर्यंत टिकेल अशी ग्वाही शहाणा कारागीर देत नाहीं.

या काळ्या ठिपक्यानें होतें काय, याचा उलगडा प्रथम शास्त्रीय रीतीनें केला तो चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं. वर्तुळाकार साध्या कातड्यावर आघात केला तर त्यांतून मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० अशा आडवळणी पटींचे उपस्वर निघतात. ते परस्परांशीं जुळत नाहींत. म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असला तरी त्याला नेमका सूर नसतो. तंबोऱ्याच्या तारेंतून मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींचे उपस्वर निघतात, आणि म्हणून ती गोड वाटते. रामन् यांनीं १९२० सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आणि पुढें १९३४ सालीं अधिक विस्तारानें असें दाखवून दिलें कीं, मध्यभागीं शाईचा भार दिलेल्या मृदंगाच्या व तबल्याच्या कातड्याचीं नऊ स्वाभाविक कंपनें पांच गटांत गोळा होतात आणि ते पांच गट तारेसारखेच पूर्ण पटींत बसतात. म्हणजे ज्यानें प्रथम कातड्यावर हा लगदा थापला त्यानें गणिताचें एक अक्षर न शिकतां, केवळ कानाच्या साक्षीनें, कातड्याला तारेचा धर्म शिकविला. रामन् यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९३० सालीं, प्रकाशाविषयींच्या शोधाबद्दल. परंतु पुडी बांधणाऱ्या अनाम कारागिराच्या बुद्धीला त्यांनीं दिलेली ही दाद कांहीं कमी मोलाची नव्हे.

पखवाजाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या उजव्या तोंडावर शाई असते, पण डाव्या तोंडावर वाजविण्याच्या वेळीं भिजविलेली कणीक लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. ज्यानें कणीक तशीच वाळूं दिली त्याच्या पखवाजाचें डावें पान लवकरच दुकानांत येतें. ढोलकीच्या डाव्या पानाला आंतल्या बाजूनें मसाला लावलेला असतो. त्यामुळें तळहात दाबून सरकविला कीं ती घुमते. तमाशाच्या फडांत आणि हळदीच्या मांडवांत लोकांचे पाय ज्यानें उचलले जातात तो हाच घुमारा. पूर्वीं ढोलकी दोरीनें ताणीत. आतां बहुतेक ठिकाणीं लोखंडी नट-बोल्ट असतात आणि पान्यानें सूर चढवितात. सोय झाली हें खरें; मात्र नवख्या हातांत पाना गेला कीं तो एकाच बाजूचा बोल्ट आवळीत सुटतो आणि पान तिरकें ताणून फाडतो. समोरासमोरच्या बाजू पाळीपाळीनें आवळाव्या, हा नियम गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळींच सांगणारा दुकानदार स्वतःचें नुकसान करून घेतो असें हिशेबी माणूस म्हणेल. पण तें सांगावेंच लागतें.

विक्रीच्या बाबतींत दुकानदाराची खरी परीक्षा नव्या विद्यार्थ्याचे आईबाप समोर उभे राहिल्यावर होते. आठ वर्षांच्या मुलासाठीं त्यांना सर्वांत महाग जोडी हवी असते. किंवा उलट, ‘मुलाचें मन लागतें कीं नाहीं तें पाहूं’ म्हणून सर्वांत स्वस्त. दोन्ही चुकीचें. स्वस्त तबल्याचें खोड हलक्या लाकडाचें असतें. तें थापेसरशीं जागचें हलतें, त्याची शाई असमान असते, आणि त्यांतून ‘ना’ आणि ‘तिं’ हीं अक्षरें वेगळीं निघतच नाहींत. मुलाला वाटतें, आपल्यालाच येत नाहीं. वस्तुतः तें तबल्यालाच येत नसतें. महागडी जोडी घेतली तर ती बिघडेल या भीतीनें मुलाला हात लावूं देत नाहींत. यावर कांहीं शिकवण्यांतून एक जुना उपाय चालतो: पहिले कांहीं महिने विद्यार्थ्यानें वर्गांतील वाद्यावरच शिकावें, घरीं केवळ हातानें ताल धरून बोल म्हणावे, आणि हात बसल्यावरच खरेदी करावी. या रीतीनें विक्री उशिरा होते; पण होते ती बरोबर वस्तूची.

खरेदीच्या वेळीं पाहावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. खोड शिसवाचें, खैराचें किंवा दुसऱ्या जड लाकडाचें असावें. भेगा लाखेनें किंवा भुशानें बुजविलेल्या नसाव्या. शाई बरोबर मध्यावर, कडेला निमुळती आणि हाताला एकसारखी लागावी. गजऱ्याच्या सोळाहि घरांवर एकाच सुराचा आवाज निघावा. एखादें घर उतरलेलें असेल तर तें हातोडीच्या दोन ठोक्यांनीं मिळतें कीं नाहीं तें तेथेंच पाहावें. तोंडाचा व्यास लहान तितका सूर उंच. म्हणून काळी एकच्या पट्टींत साथ करणाराला चालणारा तबला खालच्या पट्टीच्या गायकाला चालत नाहीं. वादक दोनतीन तबले बाळगतात तें हौसेनें नव्हे. डग्गा पितळेचा किंवा तांब्याचा; कोणता चांगला याविषयीं वादकांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याचें कारण नाहीं.

आतां शिकवणीकडे वळूं. घरोघर फी देऊन संगीत शिकतां येईल ही कल्पना फार जुनी नाहीं. १८८६ सालीं बडोद्यास मौलाबक्षांनीं सरकारी गायनशाळा चालविण्यास घेतली. ५ मे १९०१ रोजीं लाहोरला पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें आणि १९०८ मध्यें तें मुंबईस आणलें. १९११ सालीं पुण्यास भास्करबुवा बखल्यांनीं भारत गायन समाज स्थापिला. तोंपर्यंत गवयाच्या घरीं राहून, त्याचें पाणी भरून, वर्षानुवर्षें थांबून जें मिळत असे तें आतां ठराविक तासाला, ठराविक फीस, भल्या घरच्या मुलामुलींना मिळूं लागलें. तबल्याच्या बाबतींत हा बदल थोडा उशिरा आला, कारण तबलजी हा गवयाच्या पाठीमागें बसणारा मानला जात असे. त्याला पुढें आणण्याचें श्रेय ज्यांना द्यावें लागेल त्यांत अहमदजान थिरकवा आहेत. बालगंधर्वांच्या नाटक मंडळींत त्यांनीं केलेली साथ ऐकण्यासाठीं म्हणून नाटकाला जाणारे लोक महाराष्ट्रांत होते. पखवाजाची परंपरा तर याहून जुनी: नाना पानसे हे मूळचे वाईकडचे, त्यांचा लौकिक झाला इंदूरच्या दरबारांत, आणि त्यांचा बाज पुन्हा शिष्यांच्या हातून महाराष्ट्रांत आला. वारकरी मृदंगाला आधार मिळाला तो आळंदींत. जोगमहाराजांनीं १९१७ सालीं स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेंतून आजहि मृदंग शिकविला जातो. मुंबईंत १९५६ सालीं निखिल घोषांनीं ‘संगीत महाभारती’ उभी केली. उस्ताद अल्लारखाँ यांनींहि या शहरांत आपली संस्था काढून शेंकडों शिष्य तयार केले. १९७५ मध्यें अरविंद मुळगांवकरांचा ‘तबला’ हा मराठी ग्रंथ आला आणि ज्यांना गुरूच्या पायांशीं बसणें शक्य नव्हतें त्यांच्याहि हातीं घराण्यांचा व बाजांचा व्यवस्थित विचार पोंचला.

लहान दुकानामागच्या खोलींत चालणारा वर्ग या मोठ्या नांवांच्या मानानें अगदींच साधा असतो. एका चटईवर पांचसहा मुलें, समोर शिक्षक. पहिल्या दिवशीं हात तबल्यावर पडत नाहीं, तोंड चालतें. तीनतालाचे सोळा बोल, ‘धा धिं धिं धा’ पासून पुढें, टाळी-खाली दाखवीत म्हणावयाचे. नवव्या मात्रेवर टाळी न देतां हात उघडा दाखवावयाचा, कारण तेथें खाली. आणि त्याच भागांत डग्ग्याचा गंभीर आवाज मागें सरतो, ‘धिं’ चें ‘तिं’ होतें. मुलाला हें कळलें कीं ताल म्हणजे नुसती मोजणी नव्हे, त्याला उजेड-अंधार आहे हें तें समजलें. पुढें महिनेच्या महिने एकच कायदा. येथें आईबापांचा धीर सुटतो. शेजारचा मुलगा तीन महिन्यांत पेटीवर गाणीं वाजवितो आणि आपला अजून ‘धाधा तेटे’ करीत आहे, अशी तक्रार घेऊन ते येतात. जो शिक्षक या तक्रारीला भिऊन मुलाला चित्रपटगीताच्या केरव्यावर नेऊन ठेवतो त्याचा वर्ग कांहीं काळ भरलेला दिसतो. पण मुलाचा हात कच्चाच राहतो आणि दुसऱ्यातिसऱ्या परीक्षेपाशीं तें गळतें.

परीक्षेचीहि एक अडचण आहे. अभ्यासक्रमांत जेवढें छापलें तेवढेंच तबल्यांत आहे असें मुलांना वाटूं लागतें. भजनी मंडळाच्या साथीला बसविलें तर विशारद झालेला तरुण चांचरतो, आणि ज्यानें कधीं कागदावर ताल लिहिला नाहीं असा माथाडी कामगार बेधडक पखवाज पेलतो. उलट त्याच कामगाराला झपतालाची दहा मात्रांची विभागणी विचारली तर तो हंसून मान हलवितो. एकाच दुकानांत दोघेहि येत असतील तर चतुर दुकानदारानें दोघांची गांठ घालून द्यावी. संध्याकाळीं पुडी तयार होईपर्यंत थांबलेला भजनकरी आंत वर्गांत येऊन बसला आणि त्यानें मुलांना भजनी ठेक्याचे दोन पलटे दाखविले, तर त्या दिवशींच्या शिकवणीचें मोल कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मिळावयाचें नाहीं.

जागेचा प्रश्न मात्र संगीताच्या बाहेरचा आणि म्हणूनच अधिक कडू. ताल शिकविणें म्हणजे रोज तोच आवाज, शेंकडों वेळां. शिकणाराला तो कंटाळवाणा, शेजाऱ्याला असह्य. ध्वनिप्रदूषणाचे जे नियम २००० सालीं झाले त्यांप्रमाणें राहत्या वस्तींत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल, व्यापारी भागांत ६५ व ५५, आणि औद्योगिक भागांत ७५ व ७०. रात्र म्हणजे दहा ते सकाळीं सहा. या आंकड्यांकडे पाहिलें कीं तुर्भ्यासारख्या ठिकाणाचा एक अनपेक्षित गुण लक्षांत येतो. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर चार डग्गे एकदम घुमूं लागले तर आठवड्याच्या आंत सेक्रेटरी दारांत उभा राहतो. तेच कारखान्यांच्या ओळींतल्या एखाद्या गाळ्यांत, जेथें संध्याकाळीं यंत्रें थांबतात आणि वस्ती दूर असते, कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. अडचण एवढीच कीं, संध्याकाळनंतर तशा रस्त्यानें मुलीला एकटीला पाठविण्यास आईबाप तयार होत नाहींत. म्हणून वर्गाची जागा स्थानकापासून पायीं जाण्याजोगी, उजेडाच्या रस्त्यावर आणि तरीहि कोणाच्या भिंतीला भिंत नसलेली हवी. अशी जागा ज्याला मिळाली त्याचें अर्धें काम झालें. भिंतींना जाड गोधड्या, खालीं सतरंजी आणि खिडक्यांना दुहेरी पडदे लावले तर डग्ग्याचा घुमारा जात नाहीं, पण चाटेचा टणत्कार बराच शोषला जातो.

अलीकडे याच खोल्यांतून पाश्चात्य धर्तीचा ड्रमसंचहि शिकविला जातो, आणि तरुणांची त्याला मोठी मागणी आहे. त्याच्याविषयीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. चारी हातापायांना स्वतंत्र लय सांभाळावी लागते ही साधना लहान नव्हे. फरक आहे तो दुकानदाराच्या बाजूनें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कातड्याऐवजीं पॉलिएस्टरचें पातळ पान ड्रमवर बसवूं लागले. आज तें फाटलें तर नवें विकत घ्यावें आणि किल्लीनें दहा मिनिटांत बसवावें. पावसाचा त्यावर परिणाम नाहीं. ढोलताशांच्या पथकांतूनहि अशीं पानें सर्रास आलीं आहेत. परंतु तबल्याच्या पुडीला असा पर्याय अद्याप पुरता साधलेला नाहीं. कृत्रिम पानें बाजारांत आहेत. सरावाला तीं चालतात. बैठकींत मात्र वादक तीं घेऊन बसत नाहींत. तेव्हां ज्या दिवशीं पुडी बांधणारा हात उरणार नाहीं त्या दिवशीं तबला उरेल, पण तो वाजणार नाहीं.

आणि हा हात उरेल कीं नाहीं, हीच या साऱ्या व्यवहारांतील खरी काळजी आहे. महाराष्ट्रांत वाद्यें घडविणारें गांव म्हटलें कीं मिरज आठवतें. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्याच मिरजेच्या एका तबला-कारागीर घराण्यांतील तिसऱ्या पिढीचे हरिदास व्हटकर मुंबईस आले आणि त्यांनीं दोन दशकांहून अधिक काळ झाकिर हुसेन यांचे तबले घडविले. १५ डिसेंबर २०२४ रोजीं झाकिर हुसेन निवर्तले तेव्हां वृत्तपत्रांना या कारागिराची आठवण झाली. एरव्हीं कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचें नांव असतें, साथीदाराचें असतें, ध्वनिक्षेपक पुरविणाराचेंहि असतें. पुडी बांधणाराचें नसतें. याला कारण केवळ विस्मृति नव्हे. मेलेल्या जनावराचें कातडें हाताळणें हें काम आपल्या समाजानें कांहीं जातींच्या माथीं मारलें, आणि मग ज्या कातड्यावर थाप पडली कीं देवघरांत आरती चाले तें सोलणाऱ्या, कमावणाऱ्या, ताणणाऱ्या हातांना देवघराबाहेर ठेवलें. दक्षिणेंत मृदंगम् घडविणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनीं २०२० सालीं ‘सेबास्टियन अँड सन्स’ हें पुस्तक लिहून हा विषय चव्हाट्यावर मांडला. महाराष्ट्रांतील कारागिरांविषयीं तितकें सविस्तर पुस्तक मराठींत कोणीं लिहावयास हवें होतें.

कारागिराचा मुलगा या धंद्यांत कां येत नाहीं, हें मग निराळें विचारावयास नको. पुडी बांधण्यास शिकणें म्हणजे चारसहा वर्षांची उमेदवारी. पाठ वांकवून, गुडघ्यांत खोड धरून, वादी ओढतांना बोटें कापून घेत. एवढें करून मिळणारी मजुरी घाऊक बाजारांतल्या हमालीहून फार वरचढ नसते, आणि प्रतिष्ठा तर नसतेच. तबला वाजविणें शिकविणारे वर्ग गल्लोगल्लीं आहेत, त्याला परीक्षा आहेत, प्रमाणपत्रें आहेत. तबला बांधणें शिकविणारा वर्ग शोधूं लागलें तर हाताचीं बोटेंहि पुरीं लागत नाहींत. विशारदाच्या विद्यार्थ्याला शाईच्या थरांचा क्रम परीक्षेपुरता तोंडपाठ असतो. पण त्यानें एकदांहि दगड हातांत धरून थर घोटलेला नसतो. ज्या दुकानांत वर्ग आणि कारखाना एकाच छपराखालीं आहेत तेथें निदान हें अंतर एका भिंतीचें उरतें. शनिवारीं दुपारीं वर्गांतल्या मुलांना बाहेरच्या खोलींत नेऊन कारागिरासमोर बसवावें, एकेकाच्या हातांत वादी द्यावी, ती ओढून पाहूं द्यावी. मुलें त्यानंतर आपल्या वाद्याला पाय लावीत नाहींत आणि पावसांत तें खिडकीशीं ठेवीत नाहींत. कारागिरालाहि कोणी ‘काका, हें कसें करतां?’ असें विचारलें म्हणजे तो हातांतलें काम थांबवून, चष्मा कपाळावर चढवून, सविस्तर सांगतो.

भाद्रपदाच्या आदल्या पंधरवड्यांत मात्र सांगावयास वेळ नसतो. दुकानांत दोन दिवे जास्त लावलेले असतात, ते उजेडासाठीं नव्हेत. टांगलेल्या पुड्यांना ऊब मिळावी म्हणून. नवी पुडी चढवून झाल्यावर ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातांत देत नाहींत. एक रात्र ती ताणलेली तशीच ठेवतात; कातडें आपल्या जागीं बसतें, सूर थोडा उतरतो. सकाळीं वादी पुन्हां ओढतात, गट्टे ठोकतात, सोळाहि घरें एकेक करून मिळवितात. मग वर्गांतल्या एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला बोलावून अर्धा तास त्यावर नुसतें ‘ना’ वाजविण्यास सांगतात. नव्या शाईचा आवाज प्रथम बंद, कोरडा येतो. वाजतां वाजतां तो मोकळा होतो. तो मोकळा झाला असें कारागिरानें मानेनें सांगितलें कीं मगच गिऱ्हाइकाला निरोप जातो.